आधी छोट्या

जुन्या बाजारात रेकॉर्डी मांडून बसणाऱ्याकडे दोन ढीग असतात. एलपी, म्हणजे बारा इंची मोठ्या रेकॉर्डी, समोर, उभ्या, कव्हरवरचा फोटो दिसेल अशा टेकवलेल्या. सात इंची छोट्या रेकॉर्डी मागे, आंब्याच्या नाहीतर औषधांच्या खोक्यात कोंबलेल्या, निम्म्या कव्हराविना, एकमेकींवर घासत पडलेल्या. पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो. रेकॉर्डींसाठी येणारी माणसं अलीकडे पुष्कळ वाढली आहेत, तरुण मुलंमुलीही येतात आणि ते बघून मला मनापासून बरं वाटतं. पण बहुतेक जण पुढच्या ढिगापाशी थांबतात. मी मागचं खोकं मागून घेते.

"ताई, मोठ्या बघा ना. छोटीत काय उरलंय?" तिथले चाचा म्हणतात. "मोठीला गिऱ्हाईक हाय. परवा एक जण आला, नुसती कव्हरं बघून उचलून घेऊन गेला. हॉटेलात भिंतीवर लावायची होती त्याला."

मला एलपीचं वावडं नाही. घरात त्यांचं एक भरलेलं कपाट आहे आणि त्यातल्या काहींवर माझा जीव आहे. पण मराठी गाण्यांच्या जुन्या रेकॉर्डी गोळा करायला निघालेल्या कुणी विचारलं, की पैसे मोजके आहेत, जागा मोजकी आहे, सुरुवात कुठून करू, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी छोट्या. एलपी आज हुकली तर उद्या दुसऱ्याच्या घरात निघेल, तिचा नवा छाप येईल, निदान तिच्यावरची गाणी मोबाइलवर तरी असतील. छोट्या रेकॉर्डीवरचं गाणं पुष्कळदा तेवढ्या एका रेकॉर्डीपुरतंच असतं. ती रद्दीत गेली की गाणं गेलं.

हे असं का झालं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं बारा इंची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी आणली. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरनं ४५ फेऱ्यांची सात इंची रेकॉर्ड काढली. काही काळ दोन्ही कंपन्यांनी ताणून धरलं आणि मग वाटणी होऊन गेली. सिम्फनीसारखं लांबलचक संगीत एलपीवर, गाजणारं एकेक गाणं सिंगलवर. इंग्रजी गाण्यांच्या जगात सात इंची म्हणजे सिंगलच, एका बाजूला एक गाणं. आपल्याकडे मात्र रुळली ती ईपी. आकार तोच, वेगही तोच, पण खाचा जरा दाटीनं कापून एका बाजूला दोन गाणी बसवलेली. म्हणजे चार गाण्यांची रेकॉर्ड. सिनेमात सहा-सात गाणी असली तर चार एका ईपीवर आणि उरलेली दुसरीवर. ज्याला एलपी परवडत नव्हती, तो आपल्या आवडीच्या गाण्याची ईपी घेऊन घरी यायचा.

त्याच काळात लाखेची ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, रेकॉर्डही चालू होती. परदेशात ती १९६० च्या आसपास बंद पडली, आपल्याकडे साठचं दशक सरत येईपर्यंत निघत राहिली. बीटल्सची काही गाणीसुद्धा भारतात ७८ वर छापली गेली आणि जगभरचे संग्राहक आज ती शोधत फिरतात. कारण साधं होतं. गावोगाव वीज पोचलेली नव्हती आणि चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही. त्या ग्रामोफोनची जड पोलादी पिन व्हिनाइलची, म्हणजे एलपी-ईपीच्या प्लास्टिकची, खाच खरवडून काढते, त्यावर लाखेचीच रेकॉर्ड वाजणार. शिवाय ती लाख आपल्याच झाडांवरच्या किड्यांची. जगभरच्या रेकॉर्डींना लागणाऱ्या लाखेचा मोठा वाटा इथूनच जायचा.

तर ईपी. कलकत्त्याजवळ दमदमला असलेल्या एचएमव्हीच्या कारखान्यातून निघालेल्या मराठी ईपींचा पसारा नुसता पाहिला तरी हरखून जायला होतं. भावगीतं आणि नाट्यपदं तर आहेतच. पण लावण्या, कोळीगीतं, पोवाडे, भीमगीतं, अभंग, आरत्या, वगातले प्रवेश, लग्नातली गाणी हे सगळं या छोट्या रेकॉर्डींवर आहे. एलपी काढायची तर कंपनीला चाळीसेक मिनिटांचं गाणं हवं आणि तेवढे पैसे मोजणारं गिऱ्हाईक हवं. ईपीला चार गाणी पुरत. म्हणून ज्यांच्या वाट्याला आयुष्यात कधी एलपी आली नसती, अशा गायकांचा आवाजही एखाद्या ईपीवर धरला गेला. लेबलवर नाव, खाली 'आणि साथी', बस्स. पुढे त्या नावाची दुसरी रेकॉर्ड सापडत नाही. चार गाणी गाऊन तो माणूस आपल्या कामाला परत गेला असणार. अशा रेकॉर्डी हाताला लागल्या की मी त्या दिवशी दुसरं काही बघत नाही.

एलपीवाले म्हणतात, पण पुढे चांगली गाणी एलपीवर आलीच की. आली ना, पण कशी आली ते बघायला हवं. सत्तरच्या दशकात भावगीतांच्या ज्या एलपी निघाल्या, त्यातल्या पुष्कळशा आधीच्या ईपींमधून आणि ७८ मधून निवडून केलेल्या आहेत. बारा गाणी निवडायची म्हणजे कितीतरी वगळायची. जी निवडली ती पुढे कॅसेटवर गेली, कॅसेटवरून सीडीवर, सीडीवरून इंटरनेटवर. जी वगळली ती ईपीवरच राहिली. म्हणजे एका मराठी गायकाची अमुक पंधरा गाणी आज सगळ्यांना पाठ आहेत आणि बाकीची कुणाला ठाऊक नाहीत, यात श्रोत्यांच्या आवडीइतकाच कंपनीतल्या त्या निवडीचाही हात आहे. ती निवड वाईट होती असं मी म्हणत नाही. पण ईपी ऐकताना दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं लागतं आणि माणूस चमकतो, की हे इतकं सुरेख गाणं मी कधीच कसं ऐकलं नाही? हे मला पुन्हापुन्हा होत आलंय आणि दर वेळी ते गाणं नंतरच्या कुठल्याच एलपीवर सापडत नाही.

आवाजाचंही आहे. मूळ गाणी मोनोमध्ये, म्हणजे सगळा आवाज एकत्र, ध्वनिमुद्रित झालेली. डाव्या-उजव्या स्पीकरमधून वेगवेगळा आवाज देणाऱ्या स्टीरिओचे दिवस आल्यावर त्यातल्या काही एलपींसाठी यंत्रातून काढून कृत्रिम स्टीरिओ केली गेली. कव्हरवर तसं छापलेलंही असतं. त्या प्रकारात गाणाऱ्याचा आवाज मधोमध ठामपणे उभा राहत नाही, दोन्हीकडे सांडतो आणि पोकळ लागतो. तेच गाणं साध्या मोनो ईपीवर लावा. गायक समोर, तबला त्याच्या मागे, बासरी थोडी वर. ज्यानं ते गाणं मुद्रित केलं त्याला जे ऐकू येत होतं, त्याच्या सगळ्यात जवळ तुम्ही असता.

आता ज्या रेकॉर्डींमुळे माझं हे मत पक्कं झालं, त्यांच्याबद्दल.

एका खोक्यात मला एकाच हातातून आलेल्या काही ईपी मिळाल्या. प्रत्येक लेबलवर जांभळ्या शाईचा रबरी शिक्का आहे. कुठल्याशा साउंड सर्व्हिसचा, पुण्यातल्याच एका पेठेतला. शाई पसरलेली, नावातली दोनच अक्षरं वाचता येतात. शिक्क्याशेजारी बॉलपेननं आकडा घालून त्याला गोल केलाय. काहींवर आकड्याखाली एकेक शब्द आहे. एकीवर 'पंगत', एकीवर 'वरात', दोघींवर 'पाठवणी'. एका रेकॉर्डीवर दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या गाण्याच्या नावापुढे बाण काढलाय आणि तो परतपरत गिरवून जाड केलाय.

ती रेकॉर्ड मी उन्हात तिरकी धरली. जुनी रेकॉर्ड बघायची ही एकच खरी रीत आहे. सावलीत सगळ्याच काळ्या आणि चकचकीत दिसतात. उन्हात तिरपी केली की बोटांनी उमटलेले केसासारखे ओरखडे वेगळे दिसतात, नखाला लागणारे खोल ओरखडे वेगळे आणि पिननं झिजलेली खाच आणखी वेगळी. झिजलेल्या खाचेचं काळं तेज जातं आणि ती राखाडी दिसू लागते. या रेकॉर्डीवर चार गाण्यांपैकी तीन काळीभोर होती. बाण काढलेलं गाणं तेवढं राखाडी, पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत. त्याच्या आधीच्या मोकळ्या पट्टीत बारीक ओरखड्यांचा पुंजका. अंधारात, मांडवाच्या मागे, घाईघाईत पिन नेमकी तिथेच टेकवायची म्हणून हे झालं असणार.

लग्नाच्या मांडवात आणि गणपती मंडळात स्पीकर लावणाऱ्याला छोटी रेकॉर्डच सोयीची. कुणी येऊन सांगणार, नवरी निघाली, ते गाणं लाव. एलपीच्या सहा गाण्यांतून चौथं शोधत बसायला वेळ कुणाला? ईपी उचलली, बाण बघितला, पिन टेकवली. म्हणून ते गाणं झिजलं. पुण्यातल्या एका पेठेतल्या माणसांनी कोणतं गाणं पुन्हापुन्हा मागितलं, याची नोंद मला दुसरीकडे कुठे वाचायला मिळाली असती? वर्तमानपत्रात ती नाही, आकाशवाणीच्या कागदांत असायचं कारण नाही. ती त्या राखाडी पट्ट्यात आहे. बाजारभावानं ही रेकॉर्ड 'खराब' आहे. चाचांनी ती मला जवळजवळ फुकटच दिली. माझ्या घरातली ती सगळ्यात मोलाची वस्तू आहे, हे मी अगदी विचारपूर्वक लिहिते आहे.

एलपीवर असं सहसा दिसत नाही. एलपी घराची असते. तिच्या आतल्या कव्हरावर फार तर मालकाची सही आणि खरेदीची तारीख असते, क्वचित 'चि. सौ. कां.'ला लग्नात आहेर दिल्याचा मजकूर. ती जपून वाजवली गेली, कपाटात उभी राहिली, म्हणून आज चांगल्या अवस्थेत सापडते. जुन्या बाजारात एलपी स्वच्छ आणि ईपी झिजलेल्या का, याचं उत्तर मला यातच दिसतं. एलपी ज्याची त्याची होती, ईपी गल्लीची होती.

अर्थात रागसंगीताला एलपीशिवाय पर्याय नाही आणि इथे मी कुणाशी वाद घालणार नाही. विलंबित ख्याल उलगडायला जी वीस-बावीस मिनिटं लागतात, ती एलपीच्या एका बाजूनं दिली. सवाई गंधर्वच्या मांडवात रात्र काढलेल्या माणसाला तेही कमीच वाटतं, पण निदान गायकाला श्वास घ्यायला जागा आहे. तसंच गीतरामायणाचं. १ एप्रिल १९५५ पासून वर्षाहून थोडा जास्त काळ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ती ५६ गीतं आठवड्याला एक अशी प्रसारित झाली. तेव्हाच्या श्रोत्यानं पुढच्या गीताची आठवडाभर वाट पाहिली. आपण तशी वाट पाहू शकत नाही, आपल्यासाठी ती कथा सलग उलगडायला हवी आणि सुधीर फडक्यांच्या आवाजातला एलपींचा संच ते काम करतो. तो संच मला तुकड्यातुकड्यांनी नको होता, म्हणून पूर्ण मिळेपर्यंत मी थांबले.

पण लांबी म्हणजेच खोली, असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. ७८ च्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जाननं रेकॉर्डीसाठी गायलं तेव्हापासून ही मर्यादा सगळ्यांच्या वाट्याला आली. गाणं संपताना ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते, कारण तेव्हा रेकॉर्डी जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या माणसांना लेबलवर नाव कुणाचं घालायचं ते कळायला हवं होतं. रंगमंचावर बालगंधर्वांचं एकेक पद वन्स मोअर घेत किती लांबायचं, त्याच्या आठवणी आपण वाचलेल्या आहेत. तेच पद रेकॉर्डीवर तीन मिनिटांत येतं आणि तरी पुरं वाटतं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी, म्हणजे ज्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवलं त्यांनी, तीन मिनिटांत जे स्वर लावून ठेवलेत, त्यांवर किराणा घराण्याच्या पुढच्या पिढ्या जोपासल्या गेल्या. हिराबाई बडोदेकरांच्या ७८ च्या रेकॉर्डी मी अजून शोधते. काही मिळाल्या आहेत, एक कडेला चिरलेली आहे, तरी चिरेच्या पुढचं सगळं ऐकते.

आणि केसरबाई. १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर यानं अवकाशात गेली तेव्हा त्यांच्यासोबत सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवल्या. मिनिटाला १६⅔ फेऱ्यांच्या. त्यांत भारतातलं एकच गाणं आहे, केसरबाई केरकरांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. पृथ्वीवरून काय पाठवायचं हे ठरवणाऱ्यांना तासाभराचा राग घेता येणार नव्हता आणि केसरबाईंनी त्या साडेतीन मिनिटांत भैरवीचं काहीही बाहेर ठेवलेलं नाही. छोट्या रेकॉर्डीला कमी लेखणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं.

एक तांत्रिक गोष्टही सांगते, कारण ती विकत घेताना उपयोगी पडते. एलपी फिरताना वेग तोच असला तरी पिनखालून सरकणारी खाच तेवढी राहत नाही. बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला फक्त २१. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटलेला असतो, म्हणून बाजूचं शेवटचं गाणं 'स'काराला फाटतं, तार सप्तकात चिरकतं. ४५ च्या छोटीला बाहेरची कड लहान असल्यामुळे सुरुवात ४० च्या आसपास होते, पण आत येतायेता ती २५ च्या खाली फारशी जात नाही. त्यामुळे एखादं गाणं एलपीवर बाजूच्या अगदी शेवटी गेलं असेल आणि ईपीवर सुरुवातीला असेल, तर ईपी घ्या. एलपी कितीही चकचकीत असली तरी.

पिनचंही तसंच. ७८ ची खाच रुंद असते, तिला जाड पिन लागते. ईपी-एलपीची बारीक पिन तिच्यात तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकवते. मी दोन वेगळ्या पिना ठेवते. माझ्या प्लेअरचा पट्टा सैल झाला, की तापकीर गल्लीची वाट धरते. तिथल्या एका दुकानात काका पट्टा बोटांवर ताणून बघतात, डब्यातून त्याच्या जवळपासचा दुसरा काढतात आणि म्हणतात, "हा लावून बघा, नाही बसला तर परत आणा." बहुतेकदा बसतो. घरी जुना एचएमव्हीचा फिएस्टा आहे, बॅटरीवर चालणारा. ईपी त्याच्यावरच लावाव्यात असं मला वाटतं, कारण त्या तशाच छोट्या स्पीकरवर ऐकण्यासाठी बनल्या होत्या.

सात इंची रेकॉर्ड घेताना वेग मात्र लेबलवर वाचून घ्या. सत्तरीच्या उत्तरार्धात 'सुपर सेव्हन' नावाचा प्रकार निघाला होता, आकार ईपीचा पण वेग ३३⅓, म्हणजे जास्त गाणी. ती ४५ वर लावली की गायक चिरक्या आवाजात धावत सुटतो आणि माणसं 'खराब आहे' म्हणून टाकून देतात. अशा टाकलेल्या चांगल्या रेकॉर्डी मी उचलून आणल्या आहेत.

कॅम्पात इंग्रजी सिंगलचा वेगळाच झरा होता. परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या घरातून ते खोके निघत. अमेरिकेतून आलेल्या सिंगलला मधोमध मोठं भोक असतं, ते भरायला प्लास्टिकचा अडॅप्टर लागतो, आणि तोच नेमका हरवलेला असतो. मला त्या गाण्यांतलं फारसं कळत नाही, त्यामुळे त्यांवर जास्त लिहिण्याचा अधिकारही माझा नाही. एवढं दिसतं, की तिथले संग्राहक सिंगलला मान देतात. पहिला छाप कोणता, शेवटच्या मोकळ्या पट्टीत कोरलेले आकडे काय सांगतात, मागची बाजू एलपीवर आहे की नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. मागच्या बाजूचं गाणं जर एलपीवर नसेल तर सिंगलची किंमत वाढते. मराठी ईपींच्या बाबतीत हीच गोष्ट कितीतरी जास्त प्रमाणात खरी आहे आणि त्यांना मात्र कुणी विचारत नाही.

मला खरी काळजी आहे ती वेळेची. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतले वाडे पाडले जातायत. कोथरूड-एरंडवण्यातल्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला गेल्यात. घर रिकामं करायला महिना-दोन महिने असतात, पोटमाळ्यावरचं सामान शेवटच्या आठवड्यात खाली येतं. तेव्हा मुलं-सुना एलपी बाजूला काढतात, कारण त्यांना भाव आहे हे आता सगळ्यांना माहीत झालंय. छोट्या रेकॉर्डी मात्र रद्दीवाल्याच्या पोत्यात जातात, भांड्यांच्या मोडीबरोबर. सिनेमाच्या गाण्यांना निदान थोडा आधार आहे, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारखी ठिकाणं आहेत. बिनसिनेमाच्या मराठी गाण्याला, एका ईपीपुरत्या उरलेल्या शाहिराला, कुणाचा आधार? मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी या बाबतीत फार मोठं काम केलंय, जुन्या रेकॉर्डींबद्दल लिहून ठेवलंय, माणसं जोडलीत. पण माळ्यावरचं खोकं उघडायला ते प्रत्येक घरी कसे येणार? ते काम घरातल्यांनीच करायचं आहे.

म्हणून तुमच्या घरी किंवा ओळखीत असा माळा रिकामा होणार असेल तर एवढं करा. खोकं रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा खाली बसून उघडा. कव्हर नसलेली, फाटकी, लेबल पुसट झालेली रेकॉर्ड टाकून देऊ नका. कव्हर आणि रेकॉर्ड जुळत नसली तरी वेगळी करू नका, कधी कधी ती चुकीची जोडीच सांगते की घरात आणखी एक रेकॉर्ड होती. लेबलवरचे शिक्के, नावं, पेनाच्या खुणा पुसू नका. बुरशी आली असेल तर व्हिनाइल डिस्टिल्ड पाण्यानं, थेंबभर सौम्य साबण घालून मऊ ब्रशनं धुवा, लेबल कोरडं ठेवा. लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. उभ्या ठेवा, उन्हात ठेवू नका. दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो काढा, अगदी मोबाइलवर. देऊन टाकायच्या असतील तर सगळ्या एकत्र एकाच माणसाला द्या, कारण खोकं फुटलं की त्या घराची आवडही विखुरते. आणि घरात कुणी वडीलधारं असेल, तर त्यांना विचारा ही कोणी आणली, कधी वाजायची. त्यांचं उत्तर लिहून घ्या.

आणि एक माझी स्वतःची विनंती. जांभळ्या शिक्क्याच्या ज्या रेकॉर्डी मला मिळाल्या, त्यांवरचे आकडे सलग नाहीत. चार आहे, अकरा आणि बारा आहेत, मग एकदम एकोणतीस, आणि सगळ्यात मोठा आकडा त्रेसष्ट. म्हणजे त्या साउंड सर्व्हिसकडे निदान त्रेसष्ट रेकॉर्डी होत्या. उरलेल्या पुण्यातच कुठेतरी असतील, कुणाच्या पलंगाखाली, किंवा अशाच एखाद्या बाजारातल्या खोक्यात. लेबलवर गोल केलेला आकडा आणि जांभळी शाई दिसली, तर मला कळवा. रेकॉर्ड तुमच्याकडेच ठेवा, मला ती नको. तिच्यावर कोणता शब्द लिहिलाय आणि चारांपैकी कोणतं गाणं राखाडी झालंय, एवढंच सांगा.